काउंट चानो : जावई, मंत्री आणि आरोपी

इटलीचा परराष्ट्रमंत्री काउंट गालेआत्सो चानो याचे नाव निघाले, की सासऱ्याच्या, म्हणजे हुकूमशहा मुसोलिनीच्या, पुण्याईवर मंत्री झालेला आणि अखेर सासऱ्याच्याच हुकमाने मेलेला जावई, एवढ्यावर त्याची वासलात लावण्याचा प्रघात आहे. त्यात सत्याचा अंश आहे, आणि म्हणूनच हा समज इतका चिवट ठरला आहे.

वस्तुतः 1930 साली मुसोलिनीची कन्या एड्डा हिच्याशी विवाह होण्यापूर्वीच, रीतसर परीक्षा देऊन राजनैतिक सेवेत शिरलेल्या चानोने रिओ द जानेरो व पेकिंग येथील वकिलातींत उमेदवारी केली होती. अर्थात वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, जून 1936 मध्ये, परराष्ट्र खात्याची मुखत्यारी हाती आली ती काही त्या उमेदवारीचे फळ म्हणून नव्हे. तेथे सोयरीकच कामास आली.

याहून अधिक दिशाभूल करणारा समज म्हणजे चानो हा मूळचा शांततावादी होता हा. मे 1939 मध्ये जर्मनीशी झालेल्या 'पोलादी करारा'वर बर्लिन येथे स्वतः सही करणाऱ्या या गृहस्थास, ऑगस्टमध्ये साल्झबुर्गनजीक जर्मन परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉपच्या तोंडून पोलंडवरील नियोजित स्वारीची वार्ता ऐकताच जर्मनांविषयी जो तिटकारा उत्पन्न झाला तो खरा होता, आणि इटलीस आरंभी युद्धापासून अलिप्त ठेवण्यात त्याच्या खटपटीचा वाटा होता, हेही खरे. परंतु त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये अल्बानिया गिळंकृत करण्याच्या मसलतीचा प्रमुख पुरस्कर्ता तोच होता, 10 जून 1940 रोजी फ्रेंच राजदूतास युद्धघोषणा कळविणाराही तोच, आणि 28 ऑक्टोबरला ग्रीसवर जी स्वारी झाली, व जिच्यात इटालियन सैन्यास उलट अल्बानियात मागे रेटले गेल्याची नामुष्की पत्करावी लागली, तिचा उत्साह तर त्याच्याइतका क्वचितच कोणास असेल. त्याचा विरोध युद्धास नव्हता. दुसऱ्याने ठरविलेल्या, आणि पुढे हरत चाललेल्या, युद्धास होता.

मुसोलिनीस चानोने पदच्युत केले, हाही असाच एक सुलभ समज. 1943 च्या 24 जुलैच्या रात्री फॅसिस्ट महामंडळापुढे ठराव मांडला तो दीनो ग्रांदीने. अनुकूल पडलेल्या 19 मतांपैकी चानोचे एक, आणि दुसऱ्या दिवशी मुसोलिनीस कैद करविले ते राजाने. त्यानंतर रोमहून जर्मनीत पळून जाण्याची दुर्बुद्धी चानोस झाली, आणि जर्मनांनी त्यास, कैदेतून सोडविलेल्या मुसोलिनीच्या सालो येथील नव्या फॅसिस्ट सरकारच्या स्वाधीन केले. वेरोना येथील विशेष न्यायालयापुढे ठराववाल्यांपैकी हाती लागलेले सहा जण उभे होते. पैकी मत मागे घेतलेल्या चानेत्तीस तीस वर्षांची कैद झाली, आणि उरलेल्या पाच जणांस 11 जानेवारी 1944 रोजी खुर्च्यांस बांधून, पाठीत गोळ्या घालून ठार करण्यात आले. दयेचे अर्ज मुसोलिनीपर्यंत पोहोचूच दिले गेले नाहीत, हे त्याच्या बचावार्थ सांगितले जाते. परंतु जावयाचा जीव वाचविण्यास अर्जाची वाट पाहावी लागत नाही.

राहिली चानोची रोजनिशी. एड्डाने ती स्वित्झर्लंडात नेल्यामुळे बचावली, न्यूरेंबर्गच्या खटल्यात पुराव्यादाखल आली आणि 1946 साली प्रसिद्ध झाली. चानोविषयीचा बराचसा सदय समज तिनेच रुजविला आहे. तिचा अखेरचा मजकूर वेरोनाच्या तुरुंगात, मरण समोर दिसत असता लिहिलेला आहे. वाचकांनी ती अवश्य वाचावी. मात्र ती आरोपीची कैफियत आहे, हे ध्यानात धरून वाचावी.