थंडीतले पाहुणे आणि आपला कॅमेरा

पक्ष्यांचे हिवाळी फोटो म्हटलं की डोळ्यांसमोर बर्फ येतो. आपल्या बेळगाव-निपाणी पट्ट्यात बर्फ कधी पडत नाही. पण नाताळच्या सुट्टीत पहाटे वेदगंगेच्या काठावर उभं राहून बघा. पारा दहा-बारा अंशांवर, नदीवर धुकं, गवतावर दव आणि उसाच्या फडातून येणारा बोचरा वारा. लांबचे पाहुणे पक्षी नेमके याच दिवसांत आपल्याकडे असतात. या हवेत त्यांचे फोटो कसे काढायचे, हे मी दोन-तीन हिवाळ्यांत जे शिकले त्यावरून सांगते.

आधी पाहुण्यांची ओळख. गोकाक तालुक्यात धुपदाळजवळ घटप्रभा पक्षी अभयारण्य आहे. सुमारे 30 चौरस किलोमीटरचं. तिथला मानाचा पाहुणा म्हणजे कांड्या करकोचा. हा मध्य आशिया आणि मंगोलियाच्या गवताळ माळांवर वीण करतो आणि हिवाळा काढायला भारतात उतरतो. राखाडी अंग, काळी मान आणि डोळ्यामागे पांढऱ्या पिसांचा झुबका. निपाणीकडच्या ज्वारीच्या शिवारात भोरड्यांचे थवे उतरतात. त्याही मध्य आशियाकडूनच येतात. गुलाबी अंग, काळं डोकं आणि अखंड कलकलाट.

फोटो काढायचा तर पक्ष्याची सकाळ कशी जाते ते आधी कळायला हवं. थंडीत पक्षी पिसं फुलवतो. पिसांत अडकलेली हवा गोधडीसारखं काम करते. एक पाय पोटाच्या पिसांत ओढून घेतो, चोच पाठीत खुपसतो. लहान पक्षी तर दिवसभर खाऊन साठवलेली चरबी रात्रभर ऊब टिकवण्यासाठी जाळतात. म्हणजे उजाडतं तेव्हा त्यांचं पोट रिकामं असतं आणि पहिला तास-दोन तास खाण्यासाठी लाखमोलाचा असतो. आपण कॅमेरा घेऊन पोचतो तो याच वेळी! हे लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागणार आहे.

आता कॅमेरा. धुक्यात पहिली अडचण उजेडाची. समोरचं दृश्य मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून कॅमेरा उजेड मोजतो. धुकं पांढरं, म्हणून तो फोटो मुद्दाम काळपट करतो. अशा वेळी एक्सपोजर एक पायरी वाढवायचं. दुसरी अडचण फोकसची. ऑटोफोकसला गडद-फिक्याची ठळक सीमा लागते आणि धुकं नेमकी तीच पुसतं. करकोच्याच्या बाबतीत काळी मान आणि पांढरा झुबका जिथे भेटतात तिथे फोकस धरला की बरेचदा काम होतं. उडत्या पक्ष्यासाठी शटर सेकंदाचा हजारावा भाग किंवा त्याहून जलद ठेवा, त्यासाठी आयएसओ वाढला तरी चालेल. दाणेदार फोटो परवडतो, हललेला नाही.

तिसरं म्हणजे दव. उघड्या आकाशाखाली लेन्स गार पडते आणि काचेवर पाणी धरतं. हूड लावा, वरून एखादा जुना रुमाल टाका. घरी आल्यावर कॅमेरा लगेच चुलीजवळच्या उबेत उघडू नका. बॅगेतच अर्धा तास राहू द्या, नाहीतर ओली उबदार हवा गार काचेवर बसलीच म्हणून समजा. आणि ऊन चढायच्या आत आटपा. नांगरट तापली की हवा थरथरते. लांबच्या लेन्समधून ती थरथर मोठी दिसते आणि कितीही महागडा कॅमेरा असला तरी फोटो तलम येत नाही.

राहता राहिला सगळ्यात अवघड भाग, जवळ जायचा. इंग्लंडमधले रिचर्ड आणि चेरी कीर्टन हे भाऊ 1892 पासून पक्ष्यांची घरटी कॅमेऱ्यात पकडत होते. पुढे 1900च्या सुमाराला त्यांनी आतून पोकळ असा नकली बैल बनवला आणि त्यात लपून फोटो काढले. मी हे निपाणीकडच्या एका शेतकरी काकांना सांगितलं, तर ते हसत सुटले. म्हणाले, "बैलाला पाखरं भीत न्हाईत, पोरी. दोन पायांवर चालत आलीस की भितात." गायबगळे नांगरामागून कसे निवांत फिरतात ते आठवा. म्हणून पक्ष्याच्या दिशेने सरळ चालत जायचं नाही. करकोचे रात्र उथळ पाण्यात काढतात, सकाळी शेतात चरायला जातात आणि दुपारी पुन्हा पाण्यावर येतात. त्या वाटेवर बांधाआड आधीच बसून राहायचं. ते आपल्याकडे येतात.

काही जण मात्र उडता थवा हवा म्हणून दगड मारतात, टाळ्या पिटतात. एका तळ्यावर हे मी स्वतः पाहिलंय. उडणं हे पक्ष्याचं सगळ्यात खर्चाचं काम. उपाशी सकाळी त्याला फुकट उडवलं तर रात्रीच्या उबेतून उरलेली शिल्लक आपण खर्च करतो, आणि खाण्याचा वेळही जातो. आपल्याला मिळतात ती थव्याची पाठमोरी चित्रं! खूण सोपी आहे. खाणं थांबवून सगळ्यांनी माना उंच केल्या की तिथेच थांबा, खाली बसा. माना परत खाली गेल्या तरच पुढचा विचार.

मोठी लेन्स नसेल तर मोबाईलनेही जा. झूम करू नका. धुकं, पाणी आणि त्यात लहानसा दिसणारा थवा असा पूर्ण देखावा घ्या. आणि फोटोखाली पक्ष्याचं मराठी नाव लिहा. वनाधिकारी असलेल्या आणि 2006 साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेल्या मारुती चितमपल्ली यांनी 'पक्षीकोश' करून ही नावं आपल्यासाठी जपून ठेवली आहेत. आपल्या मंडळाच्या पुढच्या अंकासाठी फोटो पाठवणार असाल तर नाव, ठिकाण आणि तारीख नक्की लिहा. मार्चपर्यंत पाहुणे इथेच आहेत.