विठ्ठल उमपांचा गळा आणि आमच्या जयंतीचा मंच

लोकगायक म्हटला की प्रस्थापितांच्या डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र उभे राहते. डोक्याला फेटा, हातात डफ आणि तोंडी पोवाडा. त्याने तेवढेच गावे. गझल वेगळ्यांची, बैठक वेगळ्यांची, नाट्यगृह तर आणखी वेगळ्यांचे! जातीने माणसांची वाटणी केली, तशी गाण्यांचीही केली. लोकशाहीर विठ्ठल उमप यांनी ही वाटणी आयुष्यभर मानली नाही. पोवाडा, भारूड, गोंधळ, कोळीगीत, कव्वाली, गझल आणि भीमगीत हे सारे त्यांच्या एकाच गळ्यात नांदले.

१९३१ साली मुंबईतल्या नायगावच्या गरीब वस्तीत त्यांचा जन्म झाला. हे आमच्या वसईजवळचे नायगाव नव्हे, गिरणगावातले. विठ्ठलदादांना मंचावर ज्यांनी ऐकले त्यांना ध्वनिफितीत ते पुरते सापडत नाहीत. आम्ही त्यांना ऐकले आहे. आवाज खडा, शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा. शाहिरी ललकारीवरून ते कव्वालीच्या तानेवर असे उतरत की सांधा दिसत नसे. हसता हसता मंडप गप्प होई. ‘जांभूळ आख्यान’मध्ये द्रौपदी आणि कर्णाची लोककथा त्यांनी उभी केली, तेव्हा शिष्ट नाट्यरसिकांनाही लोककलेसमोर मान तुकवावी लागली.

ही सरमिसळ म्हणजे एका कलावंताची लहर होती काय? मुळीच नाही. सत्यशोधकांनी तमाशाचा साचा उचलला, त्यातली देवस्तुती काढली आणि जलसा घडवला. भीमराव कर्डकांसारख्यांनी त्याच जलशातून बाबासाहेबांचा विचार खेडोपाडी नेला. वामनदादा कर्डकांनी लोकांच्या ओठांवरच्या चालींत विचार बसवला. प्रल्हाद शिंदे यांनी कव्वालीचा बाज भीमगीतांत आणला. जी चाल हाताशी लागली ती आमच्या माणसांनी घेतली आणि तिला स्वाभिमान शिकवला.

जगातही हेच घडले आहे. अमेरिकेतले नॅशव्हिल हे ‘संगीतनगरी’ म्हणून ओळखले जाते. तिथल्या ग्रामीण ढंगाच्या ‘कंट्री’ संगीतावर गोऱ्यांनी आपला शिक्का मारला. पण त्या संगीताचे लाडके वाद्य बँजो आले कोठून? आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या काळ्या माणसांकडून! बियॉन्से या कृष्णवर्णीय गायिकेने २०२४ साली अनेक शैली मिसळून ‘काउबॉय कार्टर’ हा संग्रह काढला, तेव्हा हे कंट्री आहे का, असा प्रश्न विचारणारे निघालेच. २०२५ साली त्याच संग्रहाला सर्वोत्कृष्ट कंट्री संग्रहाचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. ज्यांचे वाद्य, त्यांनाच दारात अडवायचे, ही रीत आम्हाला नवी नाही.

आता आपल्या वसई-विरारकडे पाहू. नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी येथला स्तूप उजेडात आणला. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचे तुकडेही येथेच सापडले. अशोकाने धम्माचा संदेश कोरला तो लोकांच्या प्राकृत भाषेत, कारण शब्द लोकांना कळला पाहिजे. त्या भूमीवर आज आमच्या जयंतीत काय ऐकू येते? भिंतीएवढे डीजेचे कर्णे आणि त्यात बुडालेले शब्द. मुंबईच्या चाळींतून नालासोपारा-विरारला आलेल्या कुटुंबांनी सोबत भीमगीते आणली. त्यांच्या नातवंडांना ठोका पाठ आहे, गीत मात्र नाही.

आमचा आक्षेप नव्या आवाजाला नाही. तरुणांनी रॅप करावा, गिटार घ्यावी; विठ्ठलदादांचा वारसा मिसळण्याचाच आहे. आक्षेप आहे तो गाणारा माणूस मंचावरून हाकलण्याला. डीजेचे पैसे आगाऊ मोजले जातात. शाहिराला मात्र ‘समाजाचे काम आहे, दादा’ म्हणून प्रवासखर्चावर वाटेला लावले जाते. ढोलकीवाल्याला घर नाही काय? कोरसमधल्या मुलीला शेवटची लोकल पकडायची नसते काय?

म्हणून प्रत्येक जयंती मंडळाने एक संध्याकाळ जिवंत गायनासाठी राखावी. मानधन आधी ठरवावे आणि त्याच रात्री हातात द्यावे. जुन्या शाहिरासोबत नव्या रॅपरला उभे करावे. वसईचा कोळी, डहाणू-जव्हारचा तारपावादक यांनाही त्याच मंचावर सन्मानाने बोलवावे. आणि हे सारे ध्वनिमुद्रित करून जपावे.

२६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकारले गेले. त्याच तारखेला, २०१० साली, नागपूरच्या दीक्षाभूमीवर विठ्ठल उमपांनी मंचावरच अखेरचा श्वास घेतला. वय ७९. मरेपर्यंत ज्याने मंच सोडला नाही, त्याच्या वारसांना आम्ही मंच नाकारणार आहोत काय? याचे उत्तर येत्या १४ एप्रिलला प्रत्येक वस्तीने द्यावे. जयभीम!