डायलॉग बॉक्स: थांबवून विचारणारी चौकट

विंडोज १० च्या नोटपॅडमध्ये काही टाइप करून जतन न करताच खिडकी बंद करायला गेलं, की बदल ठेवायचे का, असं विचारणारी चौकट उघडते. हाच डायलॉग बॉक्स.

प्रोग्रॅमरला आधी ठरवावं लागतं, की वापरणाऱ्याला अडवायचं की नाही. विंडोजमध्ये 'डायलॉगबॉक्स' हे फंक्शन वापरलं तर उत्तर मिळेपर्यंत मागची खिडकी निष्क्रिय राहते. 'क्रिएटडायलॉग' वापरलं तर दोन्हीकडे काम चालू राहतं. नोटपॅडमधलं 'फाइंड' या दुसऱ्या प्रकारचं. शब्द शोधता शोधता मागचा मजकूर दुरुस्त करता येतो. ही मोकळीक फार मोलाची आहे.

साध्या प्रश्नासाठी 'मेसेजबॉक्स' हे तयार फंक्शन पुरतं. त्याला संदेश, शीर्षक आणि हवी ती बटणं सांगायची. 'येस' दाबलं तर प्रोग्रॅमला ६ हा आकडा मिळतो, 'नो'ला ७, 'कॅन्सल'ला २.

खरी काळजी घ्यायची ती एन्टरची. वेगळं काही सांगितलं नाही तर एन्टर म्हणजे पहिलं बटण. 'फाइल कायमची पुसायची?' या प्रश्नात पहिलं बटण 'येस' असेल, तर घाईत फाइल गेलीच! 'एमबी_डेफबटन२' ही खूण जोडली की एन्टर 'नो'वर जातं. एवढा एक शब्द लिहायचा आळस प्रोग्रॅमरने करू नये.

बटणांचा क्रमही सगळीकडे सारखा नसतो. विंडोजवर 'ओके' डावीकडे, 'कॅन्सल' उजवीकडे, मॅकवर उलट. क्यूटी टूलकिटमधलं 'क्यूडायलॉगबटनबॉक्स' हा क्रम त्या त्या यंत्रणेप्रमाणे आपोआप लावतं.