खंडित उपवास, वजन आणि रक्तशर्करा : एक विवेचन

बीजसंज्ञा : खंडित उपवास, इन्सुलिन, मधुमेहपूर्व अवस्था, एकादशी, स्नायुभार.

प्रस्तावना :

महाराष्ट्रातील सुशिक्षित कुटुंबांत 'उपवास' हा शब्द आता दोन भिन्न अर्थांनी वापरला जातो. आजीचा उपवास संकष्टीचा वा एकादशीचा असतो, तर नातवाचा 'सोळा-आठ'चा. अन्नाचा संयम हा दोहोंचा समान धागा असला तरी त्यांचे व्याकरण परस्परविरोधी आहे. पारंपरिक उपवासात काय खावे यावर बंधन असते. खंडित उपवासात, म्हणजेच इंटरमिटंट फास्टिंगमध्ये, बंधन असते ते केव्हा खावे यावर. हा भेद लक्षात न घेतल्यामुळे अनेकांच्या प्रयोगाचा पायाच चुकतो.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १०.१ कोटी व्यक्तींना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी व्यक्ती मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत. बैठे काम, अनियमित जेवण आणि तासागणिक चहा अशी दिनचर्या असलेला अध्यापकवर्ग या आकड्यांपासून दूर नाही. त्यामुळे या पद्धतीकडून नेमकी कोणती अपेक्षा ठेवावी, हा प्रश्न केवळ अभ्यासविषय राहत नाही.

स्वरूप व शरीरक्रिया :

खंडित उपवासाचे तीन प्रकार विशेष रूढ आहेत. दिवसातील आठ तासांत सर्व आहार घेऊन उर्वरित सोळा तास निराहार राहणे हा पहिला. आठवड्यातील दोन दिवस अत्यल्प आहार घेणे हा दुसरा. आणि एक दिवसाआड उपवास हा तिसरा. पहिला प्रकार पाळण्यास सुलभ असल्याने सर्वाधिक लोकप्रिय आहे.

भोजनानंतर रक्तातील शर्करा वाढते, स्वादुपिंड इन्सुलिन स्रवते आणि शर्करा पेशींत शिरते. अतिरिक्त शर्करा यकृतात ग्लायकोजनच्या रूपाने साठते. निराहार अवस्थेत इन्सुलिनची पातळी उतरते, यकृत हा साठा मोकळा करू लागते आणि साधारणतः बारा तासांनंतर शरीर मेदाच्या ज्वलनाकडे अधिकाधिक वळते. यासाठी लागणारा नेमका अवधी आधीचे भोजन व शारीरिक श्रम यांवर अवलंबून असतो. सोळा या अंकात स्वतंत्र अशी कोणतीही जादू नाही. पेशींच्या अंतर्गत स्वच्छतेच्या प्रक्रियेवरील, म्हणजे ऑटोफॅजीवरील संशोधनासाठी योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याचा हवाला खंडित उपवासाच्या प्रचारात नेहमी दिला जातो, परंतु ओसुमी यांचे मूलभूत कार्य यीस्टच्या पेशींवरील होते. त्यावरून रोज न्याहारी टाळणाऱ्या माणसाविषयी थेट अनुमान काढणे धाडसाचे ठरेल.

मराठी पार्श्वभूमी :

महाराष्ट्राला ही कल्पना पाश्चात्त्य माध्यमांतून प्रथम कळली असे नाही. वारंवार खाण्याने वारंवार इन्सुलिन स्रवते, म्हणून दिवसातून दोनदाच जेवावे, हा विचार डॉ. श्रीकांत जिचकर यांनी व्याख्यानांतून मांडला होता. २००४ मध्ये त्यांचे अपघाती निधन झाले. पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी त्या विचाराला निश्चित नियमांची जोड दिली : खऱ्या भुकेच्या दोन वेळा ओळखाव्यात, प्रत्येक भोजन पंचावन्न मिनिटांत संपवावे, गोड टाळावे आणि रोज पंचेचाळीस मिनिटे भराभर चालावे. याउलट आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांनी थोड्या थोड्या अंतराने थोडे खाण्याचा पुरस्कार केला. २०१८ च्या सुमारास या दोन मतांनी मराठी घरांत अक्षरशः दोन पक्ष निर्माण केले होते. त्या वादात आवेश पुष्कळ होता. तुलनात्मक चाचण्यांचा आधार मात्र दोन्ही बाजूंनी क्वचितच पुढे आला.

पारंपरिक उपवासाचे स्वरूप याहून वेगळे आहे. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण लोकांनीच स्वतःविषयी घडवली आहे. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ८८ ग्रॅम कर्बोदके असतात, तर प्रथिने एक ग्रॅमहूनही कमी. शेंगदाण्याच्या कुटामुळे खिचडीला थोडा तोल येतो हे खरे. तरीही खिचडी, बटाट्याची भाजी व रताळ्याचा कीस असा फराळ मधुमेही व्यक्तीची शर्करा रोजच्या भाजी-भाकरीपेक्षा अधिक वेगाने चढवू शकतो. परंपरेतील एकभुक्त राहण्याचा नियम किंवा जैन समाजातील सूर्यास्तापूर्वी भोजन उरकण्याचा प्रघात यांचे आधुनिक पद्धतीशी नाते अधिक जवळचे आहे.

चाचण्यांचे निष्कर्ष :

२०१७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या शंभर व्यक्तींच्या वर्षभराच्या चाचणीत एक दिवसाआड उपवास करणाऱ्यांचे वजन ६.० टक्के, तर रोज उष्मांक कमी घेणाऱ्यांचे ५.३ टक्के घटले. हा फरक संख्याशास्त्रीय कसोटीवर टिकला नाही. उपवासाच्या गटातील ३८ टक्के व्यक्ती मध्येच बाहेर पडल्या. दुसऱ्या गटात हे प्रमाण २९ टक्के होते. चीनमधील ग्वांगझू येथे १३९ स्थूल व्यक्तींवर झालेल्या व २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन्ही गटांना समान उष्मांक-मर्यादा होती. एका गटाला सकाळी आठ ते दुपारी चार हीच भोजनवेळ होती. वर्षाअखेर त्या गटाचे वजन सरासरी ८.० किलो घटले, दुसऱ्याचे ६.३ किलो. हाही फरक निर्णायक ठरला नाही. तात्पर्य, घड्याळ हे कमी खाण्याचे एक साधन आहे. ते ज्याच्या स्वभावाला मानवते त्याला ते उपयोगी पडते.

रक्तशर्करेबाबतचे चित्र थोडे वेगळे आहे. २०१८ मधील एका छोट्या चाचणीत मधुमेहपूर्व अवस्थेतील आठ पुरुषांनी पाच आठवडे दुपारी तीनपूर्वीच दिवसाचे शेवटचे भोजन घेतले. वजन न घटताही त्यांची इन्सुलिन-संवेदनशीलता व रक्तदाब सुधारला. आठ व्यक्तींवरून सिद्धांत उभा राहत नाही. तथापि शरीर सकाळी शर्करा अधिक चांगल्या प्रकारे हाताळते, या ज्ञात तथ्याशी हा निष्कर्ष सुसंगत आहे. आपल्याकडे मात्र नेमका उलटा पायंडा पडला आहे : न्याहारी टाळायची आणि रात्री साडेनऊला सहकुटुंब भरपेट जेवायचे. रात्रीचे जेवण हीच घरातील सर्वांची एकमेव भेट असल्याने ते सोडणे कठीण जाते. स्वयंपाक करून पुन्हा स्वतः न जेवता बसण्याची वेळ बहुधा गृहिणीवर, म्हणजेच पुष्कळदा अध्यापिकेवरही, येते. प्रचारपुस्तिकांत या अडचणीचा उल्लेख सहसा आढळत नाही.

चहाचाही हिशेब मांडला पाहिजे. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे दिवसाकाठी सुमारे ३५ ते ४० ग्रॅम साखर. उपवासाच्या तासांत घेतलेला असा चहा तो उपवास मोडतो, मग पोटात घन अन्न नसले तरी.

भारतीय देह व स्नायूंचा प्रश्न :

पुण्यातील केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचाही देहभार-निर्देशांक २२.३ होता, मात्र युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होता. सडपातळ दिसणारा भारतीय देह आतून मेदयुक्त व स्नायूंनी दुबळा असू शकतो, हे या एका छायाचित्राने जगाला दाखवले.

खंडित उपवासाच्या संदर्भात हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे व सर्वांत दुर्लक्षितही. भोजनानंतरच्या शर्करेचा मोठा वाटा स्नायू शोषून घेतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ११६ व्यक्तींच्या बारा आठवड्यांच्या अमेरिकन चाचणीत दुपारी बारा ते रात्री आठ या वेळेतच खाणाऱ्यांच्या घटलेल्या अल्प वजनात मेदेतर भाराचा वाटा चिंताजनक आढळला. मुळातच स्नायुभार कमी असलेल्या व्यक्तीने दोन वेळांच्या भोजनात पोळी-भात तेवढाच ठेवून डाळ, उसळ, दही, अंडी यांत कपात केली, तर वजनकाटा समाधान देईल आणि शर्करा सांभाळण्याची क्षमता मात्र खालावेल. म्हणून वजनाबरोबर कंबरेचा घेर मोजणे, तीन महिन्यांनी एचबीए१सी तपासणे आणि चालण्याच्या जोडीला स्नायूंना ताण देणारा व्यायाम करणे आवश्यक ठरते. दीर्घ उपवासानंतरही सकाळची उपाशीपोटी शर्करा वाढलेली दिसली, तर गोंधळून जाऊ नये : पहाटे यकृत स्वतःच रक्तात शर्करा सोडत असते आणि मधुमेहात त्यावरील इन्सुलिनचा अंकुश सैल झालेला असतो.

औषधे व सावधगिरी :

खरा धोका भुकेत नसून औषध व भोजन यांच्या विस्कटलेल्या मेळात आहे. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन ही औषधे पोट रिकामे असले तरी शर्करा उतरवतच राहतात. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना हा धोका कमी असतो. डापाग्लिफ्लोझिनच्या वर्गातील गोळ्या घेणाऱ्यांत दीर्घ उपवासामुळे रक्तात कीटोन आम्ले साचू शकतात, आणि अशा वेळी शर्करा फारशी वाढलेली नसल्याने निदान निसटते. रमजानच्या रोज्यांसाठी आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या सहभागाने सविस्तर मार्गदर्शक सूचना तयार झाल्या असून, रोज्यापूर्वीच वैद्याकडून जोखीम तपासून औषधांच्या मात्रा व वेळा बदलून घ्याव्यात, हे त्यांचे मुख्य सूत्र आहे. एकादशी वा 'सोळा-आठ' करणाऱ्यांनाही ते तंतोतंत लागू पडते. गर्भवती व स्तनदा स्त्रिया, पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेले, मूत्रपिंडविकाराचे रुग्ण आणि खाण्याशी निगडित मानसिक विकारांचा पूर्वेतिहास असलेल्या व्यक्ती यांनी हा प्रयोग स्वतःच्या बळावर करू नये.

परीक्षेच्या पर्यवेक्षणासारख्या तीन तासांच्या सलग कामात घाम फुटणे, हात थरथरणे, विचार अडखळणे ही लक्षणे दिसल्यास उपवास तत्काळ सोडावा. शर्करा ७० मिलिग्रॅमच्या खाली असल्यास, किंवा तपासणीची सोय नसल्यास केवळ लक्षणांवरूनही, तीन चमचे साखर वा ग्लुकोज पाण्यातून घ्यावे. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे आणि बरे वाटताच जेवून घ्यावे. शेजारच्या वर्गातील सहकाऱ्याला आपल्या औषधाची कल्पना आधीच दिलेली असावी. शुद्ध हरपलेल्या व्यक्तीच्या तोंडात मात्र काहीही न घालता तिला तातडीने रुग्णालयात हलवावे.