पिशवीवरचा छेद आणि दुसरं बाळंतपण

पहिलं सिझर झालेल्या बाईला पुन्हा दिवस गेले की घरात आणि दवाखान्यात बहुतेकदा एकच उत्तर तयार असतं: आता सिझरच. तिनं विचारायच्या आधीच ते मिळतं. कारण विचारलं तर ‘कळांमध्ये पिशवी फाटेल’ एवढं सांगितलं जातं. ही भीती खोटी नाही. पण ती किती मोठी आहे, कोणाला जास्त आणि कोणाला कमी, ती आणखी कमी कशी करता येते, हे तिच्याशी बसून कोणी बोलत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या २१.५ टक्के प्रसूती सिझेरियननं झाल्याचं आढळलं. महाराष्ट्रात हे प्रमाण २५.४ टक्के होतं, गोव्यात ३९.५ टक्के, आणि देशभरातल्या खासगी रुग्णालयांत ४७ टक्क्यांच्याही वर. यातल्या कितीतरी जणी पुन्हा आई होतील, तेव्हा हा प्रश्न त्यांच्यासमोर उभा राहणारच.

पोटावरचा व्रण पाहून याचं उत्तर मिळत नाही. कातडीवर आडवा छेद दिसला म्हणजे आत गर्भाशयावरही तो आडवाच असेल, असं नसतं. आणि महत्त्व असतं ते आतल्या छेदालाच.

प्रसूतीच्या वेळी गर्भाशयाचे दोन भाग वेगवेगळी कामं करतात. वरचा भाग जाड स्नायूंचा. कळ आली की तो आकसतो, आणि कळ ओसरल्यावरही पूर्ण सैल पडत नाही. प्रत्येक कळेगणिक तो थोडा आखूड आणि थोडा जाड होतो आणि बाळाला खाली ढकलतो. खालचा भाग गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत पातळ होत तयार होतो. तो फारसा जोर लावत नाही, नुसता ताणला जातो. गर्भाशयावर छेद घेऊन टाके घातले की तिथं पहिल्यासारखा स्नायू पुरता परत येत नाही, जागा बरीचशी तंतुमय ऊतींनी भरून निघते. हा व्रण वरच्या, जोर लावणाऱ्या भागात असेल तर प्रत्येक कळ त्याला ओढते. खालच्या भागात आडवा असेल तर त्याच्यावर पडणारा ताण बराच कमी असतो.

‘एकदा सिझर म्हणजे कायम सिझर’ हे सूत्र न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ एडविन क्रेगिन यांनी १९१६ मध्ये मांडलं. त्या काळी गर्भाशयावर उभा, वरच्या भागात जाणारा छेद घेत. रक्तपेढ्या नव्हत्या, प्रतिजैविकं नव्हती. शिवाय अनेकदा सिझर करावं लागे ते मुडदूस होऊन ओटीपोटाची हाडं वाकडी झालेल्या बायकांवर, आणि ती अडचण पुढच्या खेपेलाही तशीच असे. क्रेगिन यांचा खरा रोख पहिल्या सिझरवर होता: ते उगाच करू नका, कारण त्याची सावली पुढच्या बाळंतपणांवर पडते. या नियमाला अपवाद असतात हे त्यांनी त्याच लेखात लिहून ठेवलं होतं. पुढच्या पिढ्यांनी सूत्र तेवढं लक्षात ठेवलं.

खालच्या भागावरचा आडवा छेद जर्मनीत फर्डिनांड केरर यांनी १८८१ मध्येच घेतला होता. पण तो रुळला १९२० च्या दशकानंतर, ग्लासगोच्या मन्रो कर यांनी त्याचा नेटानं पाठपुरावा केल्यावर. आज बहुतेक सगळी सिझर याच पद्धतीनं होतात. तरी उभा छेद नाहीसा झालेला नाही. बाळ फार अपुऱ्या दिवसांचं असेल, आडवं असेल, किंवा वार खालच्या बाजूला चिकटलेली असेल तर तो घ्यावा लागू शकतो. अशा व्रणावर पुढच्या खेपेला पिशवी फाटण्याचा धोका शंभरात २ ते ९ इतका असतो आणि कळा सुरू होण्याआधीही ती फाटू शकते. तिथं नॉर्मलचा आग्रह धरूच नये.

एकच सिझर झालेलं आहे, छेद खालचा आणि आडवा आहे, बाळाचं डोकं खाली आहे आणि कळा आपोआप सुरू झाल्या आहेत, अशा बाईचा धोका साधारण दोनशेत एक. वॉशिंग्टन राज्यातल्या वीस हजारांहून अधिक स्त्रियांच्या नोंदी तपासून २००१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कळा न येता पुन्हा सिझर झालेल्यांमध्ये पिशवी फाटण्याचं प्रमाण हजारात १.६ होतं, आपोआप कळा आलेल्यांमध्ये ५.२. प्रोस्टाग्लँडिन देऊन कळा आणलेल्यांमध्ये मात्र ते २४.५ वर गेलं. म्हणून आधी सिझर झालेल्या बाईला दिवस भरल्यावर कळा आणण्यासाठी त्याच गटातली मिसोप्रोस्टॉलची गोळी देऊ नये, असं आज स्पष्टपणे सांगितलं जातं. कळा आणायच्याच असतील तर गर्भाशयाच्या मुखाशी फुगा ठेवण्यासारखे उपाय असतात, पण तेही कळांवर बारीक नजर ठेवूनच. २००४ मध्ये अमेरिकेतल्याच एका मोठ्या अभ्यासात १७,८९८ स्त्रियांनी कळा देऊन पाहिल्या. त्यांतल्या ७३.४ टक्के स्त्रियांची प्रसूती योनिमार्गे झाली आणि पिशवी फाटली ०.७ टक्के जणींची.

हा आकडा लहान आहे, पण ज्या बाईच्या बाबतीत ते घडतं तिच्यासाठी तो लहान राहत नाही. व्रण उकलला की बाळाचा प्राणवायू तुटू शकतो, आईला मोठा रक्तस्राव होऊ शकतो. पिशवी फाटली तर शंभरातली सुमारे सहा बाळं दगावतात. वाचलेल्या बाळाचं पुढचं आयुष्य पुष्कळदा तिथल्या मिनिटांवर ठरतं. पहिली खूण बहुतेकदा बाळाच्या ठोक्यांत दिसते. ते एकाएकी घसरतात आणि वर येत नाहीत. दोन कळांच्या मधेही न थांबणारी वेदना, अंगावरून रक्त जाणं, खाली आलेलं डोकं पुन्हा वर सरकणं, ही बाकीची लक्षणं. त्यामुळे अशा बाळंतपणात ठोके सतत मशिनवर पाहत राहावे लागतात. भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह आणि रक्त यांची सोय त्याच इमारतीत असावी लागते.

अमेरिकेत या मुद्द्यावर मोठी उलथापालथ झाली. १९९६ मध्ये आधी सिझर झालेल्या दर शंभर बायकांपैकी सुमारे २८ जणींची प्रसूती योनिमार्गे होत होती. १९९९ मध्ये तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं, तातडीचं सिझर करू शकणारे डॉक्टर अशा बाळंतपणाच्या वेळी जागेवर हजर असावेत, असं बजावलं. लहान रुग्णालयांना ते परवडेना, खटल्यांची भीती होतीच, आणि दहा वर्षांत हे प्रमाण शंभरात नऊच्या आत आलं. त्या दहा वर्षांत व्रण तर काही दुबळे झाले नव्हते. बदलली होती ती रुग्णालयांची तयारी आणि हिंमत.

यश कोणाला जास्त मिळतं हेही बऱ्यापैकी ठाऊक आहे. आधी एकदा तरी योनिमार्गे बाळंत झालेल्या बाईला सर्वांत जास्त, ८५ ते ९० टक्के. पहिलं सिझर बाळ पायाळू असल्यामुळे झालं असेल तर शक्यता चांगली असते. बाळ खाली सरकेना म्हणून झालं असेल तर थोडी कमी. वजन फार वाढलेलं असणं, बाळ मोठं असणं, दोन बाळंतपणांत दीड-दोन वर्षांपेक्षा कमी अंतर असणं, या गोष्टी पारडं दुसरीकडे झुकवतात. अशा घटकांवरून यशाची शक्यता सांगणारं एक गणित २००७ पासून अमेरिकेत वापरात आलं. त्यात बाईचा वंशही धरला जाई, त्यामुळे कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक स्त्रियांचा आकडा आपोआप खाली येई आणि तो पाहून त्यांना सिझरकडे वळवलं जाण्याची शक्यता वाढे. २०२१ मध्ये वंश काढून टाकलेलं सुधारित गणित आलं. समाजातला अन्याय आकड्यांत शिरला की तो शास्त्रासारखा दिसू लागतो, हे मला या सगळ्या विषयातलं फार गंभीर प्रकरण वाटतं.

दुसऱ्या पारड्यात काय आहे, याची चर्चा आपल्याकडे अगदीच कमी होते. प्रत्येक सिझरबरोबर पुढच्या खेपेला वार व्रणात रुतण्याचा धोका वाढतो. अमेरिकेतल्या एका अभ्यासात वार रुतल्याचं प्रमाण पहिल्या सिझरच्या वेळी ०.२४ टक्के होतं, चौथ्याच्या वेळी २.१३ आणि सहाव्याच्या वेळी ६.७४ टक्के. वार खाली असेल आणि आधी दोन सिझर झालेली असतील तर हीच शक्यता ४० टक्क्यांवर जाते. रुतलेली वार सुटत नाही, रक्त थांबत नाही, आणि आईचा जीव वाचवण्यासाठी पिशवी काढावी लागू शकते. दोन मुलांवर थांबणाऱ्या जोडप्याला हा हिशेब थोडा हलका पडतो. तीन-चार मुलं हवी असतील त्यांनी तो आजच मांडायला हवा.

आपल्याकडे याला आणखी एक बाजू आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, दुसरं सासरी, आणि मधे पहिली कागदपत्रं हरवलेली. डिस्चार्ज कार्डावर ‘एलएससीएस’ ही अक्षरं असतील तर छेद खालचा होता हे नव्या डॉक्टरांना कळतं. सिझर का झालं, छेद पुढे वाढवावा लागला का, नंतर ताप आला होता का, हेही त्यावर असेल तर फार मोलाचं. कार्ड नसेल तर डॉक्टर अंधारात निर्णय घेतात आणि मग सिझरकडे कललेले राहतात. त्यात त्यांना दोष देता येत नाही. ज्या तालुक्याच्या गावी रात्री भूलतज्ज्ञ नाही आणि रक्त चाळीस किलोमीटरवरून आणावं लागतं, तिथं ठरवून केलेलं सिझर हा शहाणपणाचा निर्णय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि जी बाई सगळं ऐकून ‘मला पुन्हा सिझरच हवं’ म्हणते, तिला ‘कळा सोसायला घाबरली’ असं म्हणणाऱ्या नातेवाइकांचा मला खरोखर राग येतो. कळा देऊन पाहणाऱ्या दर चौघींपैकी एकीला शेवटी सिझर लागतंच, आणि असं ऐनवेळचं सिझर ठरवून केलेल्यापेक्षा जास्त त्रासाचं असतं. हे जाणून कोणी वेगळं ठरवलं तर तो तिचा हक्क आहे.

म्हणून हे बोलणं आठव्या महिन्याच्या आतच व्हायला हवं, नवऱ्याला आणि सासूबाईंना शेजारी बसवून व्हायला हवं, आणि जे ठरेल ते फाइलमध्ये लिहिलं जायला हवं. पुन्हा सिझर ठरलं तर काही अडचण नसल्यास ते ३९ आठवडे भरल्यावर करतात, कारण त्याआधी बाळाला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता जास्त असते. पण अशी तारीख ठरवलेल्या साधारण दहापैकी एकीला त्याआधीच कळा सुरू होतात. मध्यरात्री कळा लागल्या, दवाखान्यात पोहोचेपर्यंत मुख सात-आठ सेंटीमीटर उघडलं, तर सिझरच करायचं की प्रसूती होऊ द्यायची, हा प्रश्न तेव्हा तिला विचारून उपयोग नसतो. तो आधीच विचारायला हवा आणि तिचं उत्तर ठरलेल्या तारखेच्या शेजारीच लिहून ठेवायला हवं.