राजुऱ्यातलं ‘देशी पाइन’

पावसाळा तोंडावर आला की चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात मला एक प्रश्न हमखास ऐकू येतो: “सर, आपल्या जंगलातलं ते पाइन लावायचं आहे, रोपं कुठं मिळतील?” एका आवारात तर त्या झाडापुढं ‘देशी पाइन’ अशी पाटीच लावलेली पाहिली. झाड उंच, सडपातळ, लांबून धुरकट हिरवं, वारा आला की सूं सूं करणारं. ते सुरूचं झाड आहे. ते पाइन नाही, आणि राजुऱ्याच्या रानातलं तर मुळीच नाही.

ओळखायला पुस्तक लागत नाही. फांदीच्या टोकाची एक ‘सुई’ घ्या, दोन्ही टोकं धरा आणि हलकेच ओढा. ती पेराशी सुटून येते. सुटलेलं टोक डोळ्यांजवळ धरलं की बारीक दातांचं कडं दिसतं. ते दात म्हणजे सुरूची पानं. आपण सुई म्हणतो ती पानासारखी दिसणारी हिरवी डहाळी. पाइनची सुई मात्र अख्खं पान असते. कितीही ओढा, तिला पेर नाही. शिवाय पाइनच्या सुया बहुधा जुडीनं येतात, बुडाशी बांधल्यासारख्या. हिमालयातल्या चीडच्या जुडीत तीन, कैलच्या जुडीत पाच. हे एवढं मी मुलांना हातात डहाळी देऊन दाखवतो, आणि तरी पुढच्या वर्षी कोणीतरी विचारतंच, “पण सर, त्याला शंकू लागतात ना?”

नाही लागत. सुरूला लागतात ती खरखरीत, लाकडी फळं. मादी फुलांचे लहानसे लालसर गोंडे असतात, त्यांचीच पुढं ही बोंडं होतात. पाइनला फूलच येत नाही. त्याचं बी फळात झाकलेलं नसतं, शंकूच्या खवल्यावर उघडं बसलेलं असतं. सुकामेव्याच्या दुकानातला चिलगोजा म्हणजे हिमालयातल्या एका पाइनचं असंच बी. नात्यानं पाहिलं तर सुरू पाइनपेक्षा आपल्या मोहाच्या जवळचा.

आणि ‘देशी’? सुरू हे समुद्रकाठचं झाड. अंदमान, आग्नेय आशिया, ऑस्ट्रेलियाचे किनारे हे त्याचं घर. कारवारकडं १८६८ साली जळणासाठी त्याची लागवड झाली. कोकणातली सुरूची बनंही माणसानं लावलेली आहेत. झाड गुणाचं आहे. मुळांच्या गाठींत राहणारे जिवाणू त्याला हवेतला नत्र पुरवतात, म्हणून ते निकस वाळूतही तगतं आणि वारा अडवतं. पण वर्धेकाठच्या गावात ते ‘जंगलातलं झाड’ म्हणून लावलं, की त्या खड्ड्यात ऐन किंवा मोह लागायचा राहतो. माझी चिडचिड त्यासाठी आहे.

पाइन इथल्या रानाच्या दुसऱ्या कोपऱ्यात सापडेल असं वाटत असेल तर चॅम्पियन आणि सेठ यांचं १९६८चं भारतातल्या वनप्रकारांचं वर्गीकरण पाहावं. चंद्रपूर-गडचिरोली उष्णकटिबंधातल्या पानगळीच्या, सागाच्या जंगलात मोडतं. भारतातली पाइनची नैसर्गिक वनं हिमालयात आणि ईशान्येत. दक्षिण भारतात मूळचा सूचिपर्णी वृक्ष एकच, नागेया, आणि तोही केरळ-तमिळनाडूच्या डोंगरांत. त्याची पानं तर रुंद असतात!

पाइन डोंगरउतारावर जे काम करतो ते इथं कोण करतं, हा प्रश्न मात्र मला आवडतो. खडकाळ, उथळ मातीच्या टेकडीवर सालई उभी असते. तिची साल कागदासारखी सुटते, आणि तिचा चीक निखाऱ्यावर टाकला की धुपाचा वास येतो. चिलगोज्याच्या जागी आपल्याकडं चार हे झाड आहे. फळं अस्वल आणि पाखरं खातात, बिया लांबवर पडतात, आणि त्याच बियांतली चारोळी आपण खिरीत घालतो.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. नाताळात सजवतात तो कुंडीतला अराउकारिया सूचिपर्णी खरा, पण पाइन नव्हे. तो पॅसिफिक बेटांवरचा. रस्त्याकडेचा सरळसोट ‘अशोक’ हा सीतेचा अशोक नव्हे. राजुऱ्याजवळच्या सास्तीच्या खाणीतला कोळसा सागाचा किंवा पाइनचा नाही, ग्लोसोप्टेरिससारख्या कधीच नामशेष झालेल्या झाडांचा आहे. त्या काळी फुलझाडं जन्मालाच आली नव्हती.

इथं सूचिपर्णी कधीच नव्हते असंही म्हणू नका. गडचिरोलीतल्या सिरोंचा तालुक्यात वडधमला दगड झालेली खोडं आहेत. त्या भागातले कोटा थर ज्युरासिक काळातले. याच तालुक्यात पोचमपल्लीजवळ बारापासॉरस हा प्रचंड डायनोसॉर सापडला. त्याचं ‘टागोराय’ हे नाव रवींद्रनाथांवरून १९७५ साली ठेवलं गेलं. कोटा थरांतल्या अश्मीभूत लाकडात सूचिपर्णी वृक्ष ओळखले गेले आहेत, पण ते अराउकारियाच्या गोतातले. पाइनचं घराणं उत्तर गोलार्धातलं, आणि तेव्हा आपली जमीन पार दक्षिणेला होती.

हे लाकूड ओळखतात कसं? दगडाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की एकसारख्या बारीक पेशींच्या ओळीच ओळी दिसतात, मध्ये मोठी नळी एकही नाही. आता सुताराकडं जाऊन सागाचा आडवा कापलेला तुकडा बघा. त्याची भोकं भिंगाशिवाय दिसतात.