घरातील कीड आणि औषधांचे भान

पावसाळ्यात शहरातील घरांमध्ये झुरळे, मुंग्या आणि डासांचा उपद्रव वाढतो. पाऊस ओसरून ऊन तापू लागले की गच्चीवरील कुंड्यांत मावा आणि पिठ्या ढेकूण दिसू लागतात. अशा वेळी पहिला हात जातो तो विषारी फवाऱ्याकडे. परंतु अन्न, पाणी आणि आडोसा मिळतो म्हणूनच कीड येते. या तीन गोष्टी तोडल्याखेरीज कोणतेही औषध फार काळ उपयोगी पडत नाही.

डेंग्यू पसरविणाऱ्या एडिस डासाचेच उदाहरण घेता येईल. हा डास घरातील साठविलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून पूर्ण डास होण्यास साधारण आठ ते दहा दिवस लागतात. त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून असतात व कोरड्या स्थितीतही काही महिने तग धरतात. म्हणूनच पिंप, फुलदाणी आणि कुंडीखालची ताटली आठवड्यातून एकदा नुसती रिकामी न करता आतून घासून कोरडी करावी.

जास्वंदीवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले, तर तो पिठ्या ढेकूण होय. त्याच्यापासून मिळणाऱ्या गोड चिकट स्रावासाठी मुंग्या त्याचे रक्षण करतात. त्यामुळे आधी मुंग्यांची वाट बंद करावी, कीड लागलेले शेंडे छाटावेत आणि पाण्याच्या जोरदार धारेने झाड धुवावे. त्यानंतर निंबोळी अर्क फवारावा. एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम निंबोळी पूड रात्रभर भिजवून गाळावी व त्यात थोडे साबणाचे पाणी मिसळावे. अर्कातील घटक उन्हात लवकर निष्प्रभ होत असल्याने फवारणी संध्याकाळी करावी. बागेतील ढालकिडे मात्र मारू नयेत. ते मावा खाऊन फस्त करतात.

स्वयंपाकघरात गळके नळ दुरुस्त करून फटी बुजवाव्यात. झुरळांसाठी जेलचे बारीक ठिपके कोपऱ्यांत लावावेत. त्यावर फवारा मारल्यास झुरळे जेलकडे फिरकत नाहीत.

सर्वांत मोठा धोका आहे तो धान्यात ठेवण्याच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांचा. ढेकूण वा उंदीर मारण्यासाठी त्या घरात वापरणे जिवावर बेतू शकते. हवेतील ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन हा विषारी वायू निघतो आणि फटींतून तो शेजारच्या घरातही शिरतो. त्यावर उतारा नाही. मळमळ, उलट्या आणि धाप ही लक्षणे अन्नातून विषबाधा झाल्यासारखी वाटतात व उपचारास उशीर होतो. शंका येताच सर्वांनी मोकळ्या हवेत यावे, गोळ्यांवर पाणी टाकू नये आणि रुग्णालयात गोळीचे नाव सांगावे.

औषध घ्यावेच लागले, तर वेष्टनावरील त्रिकोण पाहावा. लाल रंग अत्यंत विषारी औषधाचा, त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा असा उतरता क्रम आहे. सुट्या बाटलीतील, नोंदणी क्रमांक नसलेले द्रावण घेऊ नये. एकेकाळी घरोघरी वापरल्या जाणाऱ्या डायक्लोरव्हॉसवर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे, हेही ध्यानात ठेवावे. उरलेले औषध पाण्याच्या वा शीतपेयाच्या बाटलीत कधीही भरू नये. तहानलेले मूल बाटलीवरचे नाव वाचत नाही.